गाठ मारू नकोस गं!

हे बघ छोटे, सगळ्यात आधी ती गाठ डोक्यातून काढून टाक. शाळेत शिवणाच्या तासाला बाईंनी दोऱ्याच्या टोकाला गाठ मारायला शिकवली, ती बटण लावायला आणि हेम घालायला. मॅटीवर फुलीचा टाका भरताना मारलीस तरी खपून जाते, कारण मॅटी जाड, गाठ तिच्या पाठीशी दबून राहते. पण नणंदेच्या रुखवतासाठी तू जे घेऊन बसली आहेस ते बारीक लिननचे दोन रुमाल आणि एक महेश्वरी ओढणी. तिथे गाठीचं काही चालायचं नाही.

का ते सांगते, म्हणजे माझ्यावर विश्वास बसेल. तलम कापडावर गाठ बारीक मारलीस, की दोरा जरा ओढला गेला तरी ती दोन धाग्यांच्या फटीतून टुपकन पुढे येते. म्हणून मग तू ती मोठी मारणार, बोटाला दोन-तीन वेढे घालून. मोठी मारलीस की इस्त्री फिरवताना पुढून पुटकुळी उठते, आणि इस्त्रीचा सगळा दाब त्या उंचवट्यावर पडून कापड तेवढंच चकाकतं. धुताना आणखी गंमत. पिळताना ताण पडतो तो गाठीवर. दोरा काही तुटत नाही, पण त्याच्या शेजारचे कापडाचे धागे सरकतात आणि भोक मोठं होतं. एकदा सरकलेला महेश्वरीचा धागा पुन्हा जागेवर आणून दाखव बरं!

आता एक आतली गोष्ट. तुझ्या सासूबाई काही बोलायच्या नाहीत, त्या भल्या आहेत. पण रुखवताच्या टेबलाशी ज्या मावश्या-आत्या जमतात ना, त्या रुमाल उचलतात, "कित्ती छान गं" म्हणतात आणि बोलता बोलता उलटा करतात. आपल्या भागात तर ही खोड जास्तच. मनमाडवरून पुढे गेलं की येवला. पैठणी घेताना पदर उलटा करून बघायचा, हे आपल्याकडच्या पोरींना कुणी शिकवावं लागत नाही. हातमागाच्या पैठणीची नक्षी मागूनही पुढच्यासारखीच दिसते. मागे धागे लोंबताना दिसले की दुकानदार काहीही सांगो, बायका समजायचं ते समजतात. तीच नजर तुझ्या रुमालावर फिरणार आहे.

पण बायकांना घाबरून मागची बाजू नीट कर, असं मी म्हणत नाही. तलम कापडाच्या मागे जे जे ठेवशील ते पुढून दिसणारच, एवढंच. म्हणून दोऱ्याचं टोक कुठे लपवायचं, हे सुईत दोरा ओवायच्या आधी ठरव. भरून झाल्यावर "आता हे टोक कुठे घालू" म्हणत बसायची वेळच येऊ देऊ नकोस.

हे काही मी घरी बसून काढलेलं शास्त्र नाही. सोलापूर-कोल्हापूरकडे ज्या इरकली नेसतात, त्यांच्यावर कसुतीचं भरतकाम असतं, आठवतं? हत्ती, पालखी, तुळशीवृंदावन, गोपुरं. ते काम मूळ धारवाड-हुबळीकडचं. कापडावर काही छापत नाहीत, धागे मोजून भरतात, आणि गाठ मारत नाहीत. त्यांचे टाके चार: गवंती, मुर्गी, नेयगी आणि मेंथी. यातला मेंथी म्हणजे आपली फुलीच. गवंती आणि मुर्गी हे तर दोन्हीकडून सारखे दिसतात, मागची-पुढची बाजू ओळखू येत नाही. आपल्याला फुलीच्या टाक्यात तेवढं जमणार नाही, फुलीची पाठ वेगळीच असते. पण गाठीशिवाय भागतं, एवढं त्या बायकांकडून नक्की घ्यावं.

आता कापड. आधी मोज. लिननवर पट्टी ठेव आणि सुईच्या टोकाने एका इंचात किती धागे आहेत ते मोज, उभे वेगळे आणि आडवे वेगळे. मांडीवर गडद रंगाचं फडकं घे, त्यावर पांढरं कापड धरलंस की भोकं लख्ख दिसतात. तू म्हणालीस त्यावरून एक रुमाल इंचाला 28 धाग्यांचा आहे. दोन-दोन धाग्यांवर एक फुली घेतलीस की इंचात 14 फुल्या. तिथे दोऱ्याचे दोन पदर पुरेत. दुसरा 40 धाग्यांचा, म्हणजे इंचात 20 फुल्या, तिथे एकच पदर. सहापदरी दोऱ्याची लच्छी असते आठ मीटरची; त्यातून हातभर काप, मधल्या बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत. पंचेचाळीसेक सेंटिमीटर होतं. त्याहून लांब घेतलास तर पुन्हा पुन्हा कापडातून घासून दोरा विसविशीत होतो. पदर मात्र एकेक करून वरच्या वर ओढून काढ आणि मग हवे तितके एकत्र कर. तिन्ही-चारी एकदम ओढलेस की गुंता ठरलेला. सुई बोथट टोकाची, 26 किंवा 28 नंबरची घे. सुईत नंबर वाढला की सुई बारीक होते, दुकानात उलटं समजून घेऊन येशील.

दोन पदरांच्या कामाची सुरुवात इतकी सोपी आहे की तू मला शिव्या देशील, आधी का नाही सांगितलं म्हणून. दोन पदर घ्यायचे नाहीत, एकच घ्यायचा, पण दुप्पट लांब, दोन हातभर. तो मधोमध दुमड. दोन्ही कापलेली टोकं एकत्र करून सुईच्या नेढ्यातून ओव. दुसऱ्या टोकाला आपोआप फास उरतो. आता फुलीच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुई वर काढ, पण दोरा पूर्ण ओढू नकोस, फास मागे बोटभर राहू दे. तिरपी रेघ घेऊन वरच्या उजव्या कोपऱ्यातून सुई खाली घाल. कापड उलटं कर, सुई त्या फासातून ने आणि हलकेच ओढ. फास कापडाला जाऊन चिकटतो आणि दोरा पक्का बसतो. ना गाठ, ना शेपूट, ना काही कापायचं. मागून बघितलंस तर एवढासा आडवा ठिपका दिसतो, तोही फुलीच्या आडच. फक्त ओढताना जोर करू नकोस. तलम कापडात फास जास्त आवळला तर भोक रुंदावतं आणि पहिलीच फुली बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसते. आणि छटा बदलत जाणारा रंगीत दोरा असेल तर ही युक्ती वापरू नकोस. दुमडल्यावर दोन पदरांचे रंग जुळत नाहीत, एक गुलाबी नि एक पांढरा असं काहीतरी होतं.

एका पदराला फास जमत नाही, उघड आहे, दुमडला की दोन होतात. तिथे शेपूट मागे ठेवायचं. इंचभर टोक मागे सोड, डाव्या हाताच्या बोटाने ते ज्या दिशेला भरणार त्या दिशेला धर, आणि पुढचे चार-पाच टाके त्याच्यावरून घे. दर टाक्याला कापड उलटं करून बघ, टाका खरंच शेपटावरून गेला का. पहिल्या-पहिल्यांदा कंटाळा येईल. मग बोटालाच कळायला लागतं.

बोटाने धरणं जमत नसेल, किंवा उन्हाळ्यात घामाने निसटत असेल, तर मी तुला गाठ मारायची परवानगी देते! पण पुढून. आणि तात्पुरती. जिथे भरायला सुरुवात करणार तिथून चार-पाच इंच लांब, रुमालाच्या मोकळ्या जागी, दोऱ्याला गाठ मारून सुई पुढून मागे घाल आणि मग सुरुवातीच्या जागी ये. गाठ पुढे, नजरेसमोर, लोंबत राहील. नमुन्याचा तेवढा भाग भरून झाला की गाठ कापून टाक, दोरा मागे ओढून घे, सुईत ओव आणि टाक्यांखालून फिरव. वायफळ दोरा जातो हे खरं, पण टोक हातात लांब मिळतं. तलम कापडाला मला हीच पद्धत सगळ्यात निर्धोक वाटते. कंजूषपणा करायचा तर मॅटीवर कर.

आता शेवट. इथेच पोरी घाई करतात. दोरा संपत आला हे सुई सांगते, पण आपण "अजून एक फुली, अजून एक" करत जातो. चार बोटं दोरा उरला की थांब, नमुन्याच्या मध्यावर असलीस तरी. कापड उलटं कर. तू ओळीने आधी अर्ध्या फुल्या भरत जातेस आणि परत येताना त्या पुऱ्या करतेस ना? तशीच भर, कारण त्याने मागे नुसत्या उभ्या रेघांची ओळ येते, आणि टोक लपवायला त्याहून चांगली जागा नाही. सुई त्या चार-पाच रेघांखालून सरकव. रेघांखालून हं, कापडात घुसवायची नाही, नाहीतर पुढून खड्डा दिसेल. ओढताना कापड गोळा होत नाही ना बघ. मग दोन-तीन मिलिमीटर ठेवून काप. अगदी मुळाशी कापलंस तर धुतल्यावर टोक सुटतं. लांब ठेवलंस तर पुढची सुई वर येताना त्याला पकडून पुढे घेऊन येते, आणि पांढऱ्या पाकळीतून लाल केस उगवतो.

रेशमी किंवा चकचकीत रेयॉनचा दोरा असेल तर तो या रेघांखालून निसटतो. त्याला चार रेघा पुढे ने, शेवटची रेघ ओलांड आणि उलट फिरून तीन रेघा मागे आण. त्या एका वळणाने तो धरून राहतो.

सगळी टोकं एकाच ठिकाणी संपवू नकोस हेही लक्षात ठेव. एकाच ओळीत चार दोरे घुसवलेस की तिथे मागे वळ उठतो आणि पुढून तो भाग फुगीर दिसतो. एक टोक डावीकडे, दुसरं वर, तिसरं खालच्या ओळीत, असं पसरव.

सावलीचं काय ते नीट समजून घे, कारण तलम कापडावर खरी फजिती इथे होते. गडद दोरा पांढऱ्या भागामागून नेलास की पुढून राखाडी रेघ दिसते. घरात संध्याकाळी दिसणार नाही. लग्नाच्या हॉलमधल्या झगझगीत दिव्यांखाली मात्र दिसेल, फोटोत तर हमखास. म्हणून हिरव्या पानावरून दुसऱ्या हिरव्या पानावर जाताना मधे कोरं कापड असेल तर उडी मारायची नाही. दोरा संपव आणि नव्याने सुरू कर. मधे भरलेले टाके असतील तर त्यांच्या खालून ने, तेही गडद टाक्यांखालून. लाल टोक लालखाली, हिरवं हिरव्याखाली. पिवळ्याखाली काळं घातलंस तर पिवळा मळका दिसतो, आणि लोक म्हणतात दोराच स्वस्तातला वापरलाय. रोज काम आवरताना रुमाल खिडकीच्या काचेवर धरून उजेडात बघ. चांदवडच्या उन्हापुढे काही लपत नाही. जिथे रेघ दिसेल ती त्याच दिवशी उसव, आठवड्याने उसवायला गेलीस तर मधे शंभर टाके येऊन बसलेले असतात.

तुझ्या नमुन्यात कोयरीभोवती सुटे ठिपके आहेत, एकेकट्या फुल्या. त्यांचं काय, हा तुझा खरा प्रश्न होता आणि मी इतका वेळ इकडचं-तिकडचं बोलत बसले. एकट्या फुलीच्या मागे टोक लपवायला रेघाच नसतात. म्हणून तिची मेख फुलीच्या पोटातच मारायची. एका पदरात अशी मार: शेपूट मागे धर, फुलीच्या चौकोनाच्या मधल्या भोकातून सुई वर काढ, एक धागा ओलांडून वरच्या बाजूच्या मधल्या भोकात खाली घाल. पुन्हा मधल्या भोकातूनच वर ये, पण या वेळी मघाच्या दोऱ्याला सुईने टोचून ये. मग एक धागा ओलांडून खालच्या बाजूच्या मधल्या भोकात जा. दोऱ्याने स्वतःलाच पकडलं, आता तो सुटत नाही. मग कोपऱ्यातून वर येऊन त्याच्यावर फुली घाल, रंग तोच असल्यामुळे ते इवलेसे टाके दिसत नाहीत. फुली झाली की मागे उरलेला दोरा फुलीच्याच मागच्या दोऱ्याखालून एकदा-दोनदा फिरवून काप. एवढ्या कामापुरती मात्र बोथट सुई बाजूला ठेव आणि टोकदार घे, बोथट सुई दोऱ्याला टोचत नाही, बाजूने घसरते. वेळ लागतो. ठिपके थोडे कमी भरलेस तरी कोयरी बिघडत नाही, नमुन्यातले सगळेच्या सगळे घ्यावेत असा काही नियम नाही.

ओढणीकडे वळूया. अहिल्याबाईंच्या रंगमहालाच्या गावात राहून तू महेश्वरीवर भरणार, हे मला फार आवडलंय. त्यांनीच महेश्वरला विणकर वसवले, तेव्हा तुझ्या हातातली ओढणी आणि तुझ्या गावातला वाडा एकाच बाईशी जोडलेले आहेत. पण प्रेमाने कापड मोजता येत नाही! महेश्वरीत बहुतेकदा उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा, दोन्हींची जाडी वेगळी. धागे मोजून भरलंस तर फुल्या चौकोनी येत नाहीत, कोयरी ताणलेली नाहीतर बसकी दिसते. म्हणून जाळी लाव. भरतकामाच्या सामानाच्या दुकानात सुटी होणारी जाळी मिळते, नाशिकला मेन रोडकडे चौकशी कर. इंचाला 14 घरांची घे, ओढणीवर कच्च्या धावदोऱ्याने टाच आणि जाळीच्या भोकांतून भर. काम झालं की जाळी ओली करायची, तिची खळ सुटते, मग चिमट्याने एकेक धागा ओढून काढायचा.

आणि इथेच टोकांची काळजी. सुई जाळीच्या भोकातूनच गेली पाहिजे, जाळीच्या धाग्यात घुसली तर शेवटी तो धागा निघत नाही आणि ओढलास तर फुलीही वर येते. इथे टोकदार सुईच लागते, महेश्वरी बोथटला दाद देत नाही. दोरा दोन पदरी, म्हणजे फासाची सुरुवात इथेही चालते, पण फास महेश्वरीच्या मागेच राहिला पाहिजे. टोक फिरवतानाही तेच, कापडाच्या मागच्या रेघांखालून, जाळीचा संबंध नको. आणखी एक: जाळी काढल्यावर फुल्या थोड्या सैल पडतात, कारण मधली जाडी गेलेली असते. म्हणून टोकं लिननपेक्षा इथे एक-दोन रेघा जास्त फिरव. भरायच्या आधी प्रत्येक रंगाचा तुकडा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघ, विशेषतः लाल आणि जांभळा. जाळी ओली करायची आहे हे विसरू नकोस. रंग सोडणारा दोरा असेल तर ओढणी त्या दिवशीच गेली.

कुणी सांगेल टोकाला गोंद लाव. नको. वाळल्यावर तिथे कापड कडक होतं आणि पुढे पिवळा डाग पडतो. कुणी उदबत्तीने टोक जाळायला सांगेल, ते नायलॉनच्या दोऱ्याला ठीक, तो वितळून बसतो. सुती आणि रेशमी दोरा वितळत नाही, नुसता जळतो. आणि काम बाजूला ठेवताना पांढऱ्या उशीच्या अभ्र्यात ठेव. हायवेची धूळ तुमच्या ओसरीपर्यंत येते, तलम कापडात बसली की निघत नाही.

धुणं शेवटी, साध्या गार पाण्यात, न पिळता. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपून घे, दुसरा टॉवेल अंथर, रुमाल त्यावर उलटा ठेव आणि मागून इस्त्री कर. टाके टॉवेलात रुततात, चपटे होत नाहीत.

एवढं सगळं सांगूनही एखादं टोक आखूड राहणारच, अर्ध्या बोटाएवढं, सुईत ओवून टाक्याखालून नेता न येण्याजोगं. घाबरून गाठ मारू नकोस. रिकामी सुई आधी रेघांखालून सरकव, नेढं टोकाच्या अगदी जवळ राहील अशी. मग ते आखूड टोक नेढ्यात घाल आणि सुई ओढून घे. दोरा सुईमागोमाग खाली जातो. नेढ्यात घालताना टोक ओलं कर, फिसकारत नाही.

आणि सासूबाईंनी तिसरा रुमाल काढला तर हसून सांग, दोनच जमतील. रविवारी नाशिकला ये, जाळी एकत्र टाचू. येताना आईची ती बारीक टोकाची कात्री आठवणीने आण, दिवाळीपासून तुझ्याकडेच आहे.